९८ टक्के विघटन झालं म्हणे, पण मग उरलं काय?

दगडफूल :
जैवविघटनावरचे शोधनिबंध चाळणाऱ्यांना एक वाक्य पाठ झालं असेल. 'अमुक जिवाणूने तमुक प्रदूषकाचं ७२ तासांत ९८ टक्के विघटन केलं.' आकडा कधी ९५, कधी ९९. मी सांडपाणी आणि गाळाच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हे वाक्य दिसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोजलं काय?

बहुतेक वेळा कळतं ते इतकंच की क्रोमॅटोग्राफवरचा (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावरचा) मूळ रसायनाचा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, बुटका झाला किंवा द्रावणाचा रंग उडाला. आता पीक बुटका व्हायला जिवाणूने काही खाल्लंच पाहिजे असं नाही. रसायन तेलकट असेल तर ते पेशींना चिकटून बसतं. आपण सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे गरगर फिरवून पेशी तळाला बसवून, फक्त वरचं पाणी तपासतो, मग ते सापडणार कसं? उडून जाणारं असेल तर कापसाच्या बुचातून निघून जातं. काहींचं आपोआप जलविच्छेदन होतं, म्हणजे ती पाण्यानेच तुटतात, काही काचेलाच धरून राहतात. आणि जिवाणूने खरोखर हात लावला असला, तरी रेणूचा एक कोपरा कातरला गेला की मूळ पीक नाहीसा होतो. बाकीचा सगळा रेणू शाबूत असतो, फक्त आता त्याचं नाव वेगळं असतं आणि आपण ते शोधत नसतो.

रंगद्रव्यांच्या बाबतीत हे फारच चालतं. अ‍ॅझो रंगांचा रंग नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंधावर अवलंबून असतो. ऑक्सिजन नसेल तर कितीतरी जिवाणू तो बंध सहज तोडतात. बाटली स्वच्छ होते, फोटो झकास येतो. पण बंध तुटल्यावर निघतात अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स, म्हणजे बेंझीनची कडी आणि तिला जोडलेला नायट्रोजन असलेले रेणू. बेंझिडीन हे त्यातलंच एक, ज्याने माणसांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे रंगांच्या कारखान्यांतल्या कामगारांवरून जगाला कळलं. या अमाइन्सचं पुढचं विघटन व्हायला बहुधा ऑक्सिजन लागतो. म्हणजे रंग उडवणारी परिस्थिती आणि विषारी तुकडे संपवणारी परिस्थिती एकमेकींच्या विरुद्ध. दोन टप्पे केल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि निबंध पहिल्याच टप्प्यावर 'पर्यावरणस्नेही' म्हणून मोकळा होतो.

याच्या शेजारी ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनेची '३०१' ही जैवविघटनाच्या चाचण्यांची मालिका ठेवून पाहा. परीक्षेचं रसायन हाच जिवाणूंना कर्बाचा एकमेव स्रोत. जिवाणू साध्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातले, त्या रसायनाची आधी सवय न लावलेले. मुदत २८ दिवस. मोजायचं ते किती कार्बन डायऑक्साइड निघाला किंवा किती ऑक्सिजन खर्च झाला, आणि ते सैद्धांतिक कमाल आकड्याच्या ६० टक्क्यांवर जायला हवं. तेही १० टक्के ओलांडल्यापासून १० दिवसांच्या आत. शंभर टक्के का नाही? उरलेला कर्ब जिवाणूंच्या नव्या पेशी बांधण्यात जातो म्हणून. इथे रंग उडाला, पीक गेला, असल्या गोष्टींना काडीची किंमत नाही.

शेवटी काय उरलं हे ज्या निबंधात नाही त्याला मी तरी हरित रसायनशास्त्राच्या, म्हणजे प्रदूषण मुळातच टाळू पाहणाऱ्या रसायनशास्त्राच्या, खात्यात धरत नाही. तुमचं मत?

गप्पिष्ट :
बसतो पुढच्या बाकावर. धागा उत्तम.

पाणकावळा :
वाचनखूण साठवली आहे. माझा प्रकल्प नेमका हाच आहे, मिथिल ऑरेंज हा अ‍ॅझो रंग आणि मातीतून वेगळा केलेला एक जिवाणू. आमच्याकडे मोजायला फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते दाखवणारं यंत्र) आहे हो ताई. आणि मार्गदर्शक म्हणतात रंग गेला की झालं. प्रश्न नंतर विचारतो, आधी सगळं वाचून काढतो.

तळटीप :
मी बाटलीच्या दुसऱ्या बाजूचा माणूस. धुलाईच्या उत्पादनांची सूत्रं बनवण्यात बरीच वर्षं गेली. दगडफूल म्हणतात त्यात एक जोड द्यावीशी वाटते. विघटन ही जिवाणूंची जबाबदारी मानली की आपण निम्मी लढाई हरतो. रेणू कागदावर काढला जातो तेव्हाच त्याचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर साबणाच्या जागी जे डिटर्जंट आले, त्यातला मुख्य रेणू होता फांद्या असलेल्या शेपटीचा अल्किलबेंझीन सल्फोनेट. कपडे उत्तम निघायचे. पण जिवाणू कर्बसाखळी टोकाकडून दोन-दोन अणूंनी कुरतडत येतात, आणि फांदीशी, त्यातही चार बाजूंनी कर्बांनी वेढलेल्या कर्बाशी, अडतात. परिणाम असा की १९५०च्या दशकात नद्यांवर आणि सांडपाणी केंद्रांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेत उद्योगानेच १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेणू बदलला. बदल काय? शेपटी सरळ केली. बाकी बेंझीनची कडी तीच, सल्फोनेट तोच. फेस ओसरला.

यातही मेख आहेच. हा सरळ शेपटीचा रेणू ऑक्सिजन असेल तर झटपट संपतो. नसेल तर जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ऑक्सिजनविना पचवलेल्या गाळात तो भरपूर सापडतो.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात पूर्वी दोन लांब शेपट्यांचे चतुर्थक अमोनियम क्षार (नायट्रोजनला चार कर्बगट जोडलेले रेणू) असत. ते गाळाला धरून बसत आणि विघटन अगदी सावकाश. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात त्यांच्या जागी एस्टरक्वाट आले. शेपटी आणि नायट्रोजन यांच्यामध्ये मुद्दाम एक एस्टर बंध घातला, म्हणजे रेणूत ठरवून ठेवलेला कच्चा दुवा. तो पाण्याने तुटतो, मेदाम्ल वेगळं होतं, ते जिवाणूंचं रोजचं जेवण. पण मग बाटलीतच तुटायला नको! म्हणून ते द्रावण आम्लधर्मी ठेवावं लागतं, पीएच ३ च्या आसपास. ही कसरत बाहेरच्याला दिसत नाही, पण आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

कडुलिंब :
पण जिवाणू सगळ्यावर मात करू शकतात हेही खरं आहे ना? आनंद चक्रवर्तींनी १९७०च्या दशकात तेल खाणारा जिवाणू तयार केला होता, त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८०चा पेटंटचा निकाल प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये जपानमध्ये प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला. आज ना उद्या प्रत्येक प्रदूषकाला एक जिवाणू मिळेल असं मला वाटतं. रेणू बदलत बसण्यापेक्षा हे स्वस्त नाही का?

दगडफूल :
कडुलिंब, चक्रवर्तींचा जिवाणू पेटंटच्या इतिहासात अमर झाला, पण खऱ्या तेलगळतीवर तो कधी वापरला गेला नाही. आणि गंमत म्हणजे त्याची फारशी गरजही नव्हती. मार्च १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ जहाज अलास्कात फुटलं, तेव्हा किनाऱ्यावर कुठलेही नवे जिवाणू न सोडता खत टाकलं गेलं. नायट्रोजन आणि फॉस्फरस. तेल खाणारे जिवाणू तिथे होतेच. त्यांच्यापुढे कर्बाचं ताट भरलं होतं, कमी पडत होता तो नायट्रोजन. खत टाकलेल्या ठिकाणी विघटनाचा वेग काही पटींनी वाढला.

तरीही वीस वर्षांनंतर त्याच किनाऱ्यांवर गोट्यांखालच्या थरात तेल सापडत होतं. वरचा थर पाणी खेळतं ठेवणारा, खालचा घट्ट. खाली ऑक्सिजन पोचत नव्हता. जिवाणू तेच, तेलही तेच. म्हणून 'जिवाणू सापडला' ही बातमी मला अर्धीच वाटते. त्याला तिथे श्वास घेता येणार आहे का, हे सांगा.

सूक्ष्मदर्शक :
प्लास्टिक खाणाऱ्या जिवाणूबद्दल थोडं, कारण तो माझ्या विषयाजवळचा आहे.

आयडिओनेला साकाइएन्सिस हा साकाई शहरात पीईटी बाटल्यांच्या पुनर्प्रक्रिया केंद्राजवळ सापडला. त्याने ३० अंश सेल्सिअसला साधारण सहा आठवड्यांत पीईटीची पातळ फिल्म संपवली. पण ती फिल्म स्फटिकता अगदी कमी असलेली, जवळजवळ २ टक्के, म्हणजे रेणूंच्या साखळ्या सैल पडलेल्या. बाटलीत साखळ्या ताणून, रांगेत घट्ट बसवलेल्या असतात आणि जिवाणूच्या विकराला (एन्झाइमला) तिथे शिरायलाच जागा मिळत नाही. त्यामुळे समुद्रात हा जिवाणू सोडून द्या म्हणणाऱ्यांना हात जोडावेत.

खरा उपयोग दुसरीकडे झाला. २०२० मध्ये एका सुधारित क्युटिनेज विकराने ७२ अंशाला १० तासांत ९० टक्के पीईटी मूळ घटकांपर्यंत सुटं केलं. एवढं तापमान का, तर त्याच्या आसपास पीईटीच्या साखळ्या ढिल्या होतात. त्यासाठी प्लास्टिक आधी वितळवून, झटकन गार करून, दळून घ्यावं लागतं. हाती येतं टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल, त्यापासून पुन्हा पीईटी. हा कारखान्यातला उद्योग झाला. नदीत पडलेल्या बाटलीला त्याचा काही उपयोग नाही.

ओला_कागद :
म्हणजे 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशव्यांचं काय? त्या तरी कुजतात ना? मी त्या बागेतल्या खताच्या ढिगात टाकते. पिशवी तशीच दिसते.

दगडफूल :
ओला_कागद, ती दिसणारच. युरोपचं ईएन १३४३२ मानक घ्या. सहा महिन्यांत ९० टक्के कर्बाचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, शिवाय १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. कडक आहे, मान्य. पण कार्बन डायऑक्साइडची ती चाचणी होते सुमारे ५८ अंशाला, औद्योगिक कंपोस्टसारख्या परिस्थितीत. अशा पिशव्यांत वापरलं जाणारं पीएलए हे प्लास्टिक ५५ ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, मग पाणी आत शिरून साखळ्या तोडतं, आणि तुकडे पुरेसे छोटे झाले की जिवाणू हात घालतात. घरच्या ढिगात इतकी उष्णता टिकत नाही. समुद्राच्या गार पाण्यात तर पीएलए जवळपास जसंच्या तसं राहतं.

पीएचए नावाचे पॉलिएस्टर वेगळे. ते जिवाणू स्वतःच साठवणीचं अन्न म्हणून बनवतात, त्यामुळे ते तोडणारे विकर मातीत आणि समुद्रातही आहेत.

आणि साध्या पॉलिथिनमध्ये धातूचे क्षार घालून 'ऑक्सो-विघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या ही शुद्ध धूळफेक. त्यांचे तुकडे होतात, तुकड्यांचे बारीक तुकडे होतात, आणि गाडी तिथेच थांबते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशात त्यांवर बंदी घातली, जुलै २०२१ पासून लागू.

गप्पिष्ट :
ऑक्सोवाल्यांची जाहिरात काय असायची! पिशवीतून रोपटं उगवताना दाखवायचे.

उंटावरचा_शहाणा :
सगळे एका सुरात बोलताहेत, म्हणून जरा बेसूर होतो.

टिकाऊपणा हा दोष आहे असं तुम्ही गृहीत धरलंय. टायर पावसात विरघळला तर चालेल? तारेवरचं आवरण, पुलाचा रंग, शरीरात बसवलेला कृत्रिम सांधा? माणसाने हे रेणू टिकावेत म्हणूनच बनवले. 'विघटनक्षम रचना' हे हरित रसायनशास्त्राच्या बारा तत्त्वांतलं दहावं तत्त्व ऐकायला गोड आहे, पण १९९८ पासून ते छापलं जातंय आणि टिकाऊ वस्तूंची गरज तिळभर कमी झालेली नाही.

दुसरं म्हणजे तुकडे झाले की वाईट, असा सूर लागलाय. बहुतेक रसायनांचे तुकडे मूळ रेणूपेक्षा कमी विषारी असतात. अपवादांवरून नियम करू नका.

सूक्ष्मदर्शक :
शहाणेबुवा, दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, बहुतांश तुकडे निरुपद्रवीच निघतात. पण अपवाद नेमके तिथे सापडतात जिथे कोणी पाहत नव्हतं.

तुम्ही टायर काढलात म्हणून तेच घेतो. टायरचं रबर हवेतल्या ओझोनने भेगाळू नये म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. ओझोनशी त्याने स्वतः अभिक्रिया करावी, रबराला वाचवावं, हेच त्याचं काम. ते काम चोख करताना त्याचा होतो ६पीपीडी-क्विनोन. सिएटलच्या परिसरात कोहो सामन मासे अंडी घालायला ओढ्यांत चढत आणि पाऊस पडला की पटापट मरत. कारण वर्षानुवर्षं कळेना. २०२० मध्ये हा क्विनोन सापडला. लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाणही कोहोला मारायला पुरतं, काही जवळच्या जातींना मात्र त्याचं काहीच होत नाही. ६पीपीडी पर्यावरणात टिकतं का, असं विचारणाऱ्याला उत्तर मिळालं असतं : नाही, लवकर संपतं. आणि तो निर्धास्त झाला असता.

भूजलातलं दुसरं उदाहरण. ड्रायक्लीनिंगचं परक्लोरोइथिलीन जमिनीत मुरलं की ऑक्सिजनविना जिवाणू त्याचा एकेक क्लोरीन काढत जातात. ट्रायक्लोरो, मग डायक्लोरो, मग व्हिनाइल क्लोराइड, शेवटी इथिन. इथिन निरुपद्रवी. पण बऱ्याच ठिकाणी ही साखळी व्हिनाइल क्लोराइडवर रेंगाळते, आणि ते सिद्ध झालेलं कर्करोगकारक. पहिल्या रसायनाची पातळी बघाल तर यश, शेवटच्याची बघाल तर गोष्ट आधीपेक्षा बिकट. शेवटची पायरी चढणारे जिवाणू डीहॅलोकोकॉइडिस या गटातले, आणि त्यांच्यातही सगळ्यांना ती नीट जमत नाही. त्यासाठी लागणारी जनुकं ठराविक प्रकारांतच असतात. म्हणून आता जागा साफ करण्याआधी पाण्यात ती जनुकं आहेत का ते मोजतात. नसतील तर बाहेर वाढवलेले असे जिवाणू आणून जमिनीत सोडतात. कडुलिंब, तुमचे जिवाणू इथे खरोखर कामाला येतात बरं का.

तळटीप :
आणि टिकाऊपणाबद्दल. शहाणेबुवा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण यादी तपासा. सांधा, पूल, तार या वस्तू एका जागी राहतात आणि परत गोळा करता येतात. शॅम्पू, कीटकनाशक, औषध, कपड्यावरचा जलरोधक थर यांची वाट ठरलेली आहे, ती पाण्यात जाते. मोरीत जाणाऱ्या रेणूला पन्नास वर्षं टिकायचं कारण काय?

फ्लोरीनवाल्यांची गोष्ट तर डोळ्यांत अंजन घालणारी आहे. जलरोधक थरांशी संबंधित फ्लोरोटेलोमर अल्कोहोल घ्या. त्याचं जैवविघटन होतं, कागदोपत्री. रेणूची साधी, हायड्रोजनवाली बाजू जिवाणू खातात. फ्लोरीनने मढवलेल्या बाजूशी आले की थांबतात, आणि उरतात परफ्लोरो आम्लं, जी पुढे कशालाच दाद देत नाहीत. दगडफूल यांच्या ९८ टक्क्यांत हाही रेणू दिमाखात उत्तीर्ण झाला असता.

कडुलिंब :
हे माहीत नव्हतं. मग औषधांचं काय? ती टिकाऊ नसतील तर पोटात पोचायच्या आधीच संपतील.

सूक्ष्मदर्शक :
टिकाऊपणा कुठे हवा ते बघायचं. पोटातलं आम्ल, रक्त, यकृत इथे टिकायला हवं. गाळातल्या जिवाणूंपुढे टिकायची गरज नाही. आयबुप्रोफेन सांडपाणी केंद्रात बरंचसं संपतं, कार्बामाझेपिन मात्र इतकं अढळ आहे की पाण्यात सांडपाणी मिसळलंय का हे ओळखायला त्याचाच माग काढतात. दोन्ही गोळ्या पोटात आपापलं काम करतातच की.

अवांतर : आयबुप्रोफेनचं नाव हरित रसायनशास्त्रात वेगळ्याच कारणाने येतं. ते बनवायची सहा पायऱ्यांची रीत तीन पायऱ्यांवर आणली गेली आणि अणू-काटकसर, म्हणजे कच्च्या मालातला किती वाटा औषधात उतरतो ते प्रमाण, ४० टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेली. १९९७चा अमेरिकेतला हरित रसायनशास्त्राचा पुरस्कार त्यालाच. पण तो सगळा हिशेब कारखान्याच्या आतला. गोळी गिळल्यावर काय, हा प्रश्न त्यात नाही. बारा तत्त्वांपैकी बहुतेक तत्त्वं कारखान्याच्या कुंपणाआतच संपतात असं मला कधीकधी वाटतं, आणि दहावं एकटं बाहेर उभं राहतं.

दगडफूल :
अगदी. आणि कुंपणाआतलंही किती वेळा नुसतं नावाला असतं! पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण बनवायचे, शीर्षकात 'हरित' लिहायचं, आणि मग ते कण मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर टाकायचे. चांदी जलचरांना विषारीच राहते, अर्क पानाचा असो की फुलाचा. मेथिलीन ब्लूचं तर असं, की त्याचं नुसतं क्षपण झालं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळाले, तरी ते रंगहीन होतं. बाटली हलवून हवा मिसळली की निळं परत येतं. शाळेतल्या प्रयोगात मुलं हे पाहतात, आणि निबंधात त्याचं 'विघटन' होतं.

उंटावरचा_शहाणा :
हा हा, हे मात्र पटलं. तरी एक विचारतो. तुमची ती ३०१ चाचणी लिटरला मिलिग्रॅमांत चालते. नदीत रसायन असतं नॅनोग्रॅममध्ये. एवढ्याशा अन्नावर जिवाणू वाढणार तरी कसे? म्हणजे तुमची कसोटीही खरी परिस्थिती दाखवत नाहीच.

दगडफूल :
खरं आहे. ती चाळणी आहे, नदीची प्रतिकृती नाही. उत्तीर्ण झालं तर बऱ्याच अंशी निश्चिंत व्हावं. नापास झालं तर टिकाऊच असं ठरत नाही, कारण जिवाणूंना सवय लागायला वेळ मिळत नाही. पुढे ३०८ मध्ये पाणी-गाळ आणि ३०९ मध्ये नुसतं पृष्ठजल घेऊन कमी मात्रेवर चाचणी होते, बहुधा कर्ब-१४ हा किरणोत्सारी कर्ब लावलेला रेणू वापरून. युरोपच्या रसायनांसाठीच्या रीच नियमांत गोड्या पाण्यात अर्धायुष्य (निम्मं संपायला लागणारा वेळ) ४० दिवसांवर गेलं की रेणू टिकाऊ, ६० वर गेलं की अतिटिकाऊ. जमिनीला हेच १२० आणि १८० दिवस. कर्ब-१४ महाग पडतो, पण तो लपत नाही. किती वायूत गेला, किती गाळाला बांधला गेला, किती तुकड्यांत आहे, सगळं बेरजेत दिसतं.

पाणकावळा :
आता माझा प्रश्न. कर्ब-१४ विसरा, टीओसी (एकूण सेंद्रिय कर्ब) मोजायचं यंत्रही नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं भांडं) आणि सीओडीचं, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजायचं, सामान एवढंच आहे. मिथिल ऑरेंज लिटरला १०० मिलिग्रॅम. काय करू?

दगडफूल :
बरंच करता येईल. एक बाटली जिवाणूशिवाय ठेवा, एक मेलेल्या पेशींची. ऑटोक्लेव्हने पेशींचा पृष्ठभाग बदलतो आणि त्या वेगळ्या प्रमाणात रंग शोषतात, म्हणून अझाइड हे विष घालून मारलेल्यांची आणखी एक बाटली ठेवलीत तर उत्तम. शेवटी पेशींचा गोळा फेकू नका, मिथेनॉलमध्ये हलवा आणि किती रंग सुटतो ते बघा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर फक्त ४६४ नॅनोमीटर न वाचता २०० पासून पूर्ण आलेख काढा. दृश्य भागातला पीक जाऊन अतिनील भागात नवा उगवला तर बेंझीनची कडी शाबूत आहे असं समजा. निम्मे फ्लास्क रंग गेल्यावर हलवणाऱ्या यंत्रावर ठेवा, हवा मिळून पुढे काही होतं का ते कळेल. आणि सीओडी सुरुवातीला, रंग गेल्यावर, आणि हवा दिल्यावर, असा तीनदा. माध्यमात ग्लुकोज किती आहे?

पाणकावळा :
१ टक्का. आणि थोडा यीस्ट अर्क.

दगडफूल :
मग सीओडीतून काहीच कळणार नाही. १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, त्या ग्लुकोजचाच सीओडी १०,००० मिलिग्रॅमच्या वर. १०० मिलिग्रॅम रंग त्यात कुठे शोधणार? ग्लुकोज पायरीपायरीने कमी करत न्या. यीस्ट अर्कही.

पाणकावळा :
कमी करून पाहिलं होतं. पाव टक्क्याखाली रंग उडायचाच थांबतो. म्हणून सरांनी १ टक्का कायम केला.

दगडफूल :
अहो, हा तर तुमच्या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष आहे! जिवाणू जगतोय ग्लुकोजवर आणि त्यातले इलेक्ट्रॉन रंगाच्या बंधावर टाकतोय. रंग त्याचं अन्न नाही. तो आलेख, ग्लुकोज विरुद्ध रंग उडण्याचा वेग, पहिल्या प्रकरणात घाला. सर काय म्हणतात ते इथे येऊन सांगा.